मिरज ते नागपूर: तानपुऱ्याची जोडी गाडीतून नेताना

मिरजेत गाण्याच्या तानपुऱ्यांची जोडी ताब्यात घ्यायची आणि मार्चअखेरच्या उन्हात ती नागपूरला पोचवायची, असा हा प्रवास. वाट सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा अशी. अंतर सुमारे आठशे किलोमीटर. नुसती माणसं असती तर दीड दिवसात उरकलं असतं. तानपुरे सोबत असले की तीन दिवस धरावेत आणि तिन्ही दिवस गाडी दुपारच्या आतच मुक्कामी लागावी. कारण तानपुरा चालत्या गाडीत जेवढा बिघडतो, त्याहून जास्त उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बिघडतो. धक्क्यांची काळजी सगळेच घेतात. जेवायला थांबल्यावर बंद काचांच्या आत काय होतं, तिकडे लक्ष जात नाही. काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीचं आतलं तापमान तास-दीड तासात साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतं. त्या उष्णतेत सांधे धरून ठेवणारा सरस किंवा फेव्हिकॉल मऊ पडू लागतो, आणि लाखेचं पॉलिश कापडाला चिकटतं.

आदला दिवस: मिरज

पुरुषी तानपुरा पाच फुटांच्या आतबाहेर लांब असतो आणि भोपळ्याचा व्यास दीड फुटाच्या जवळपास जातो. म्हणून वाद्य आणायला जाण्याआधी गाडी टेपने मोजावी. मागची सीट दुमडल्यावर पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत साडेपाच फूट मोकळी लांबी हवी. रुंदी भोपळे जिथे बसणार तिथे मोजायची. साडेतीन फूट मिळाली की दोन्ही शेजारी शेजारी बसतात. मागच्या चाकांवरचे उंचवटे मधे येत असतील तर भोपळे त्यांच्या पुढे घ्यावे लागतात. बऱ्याच गाड्यांत दुमडलेली सीट आणि डिकीची जमीन एका पातळीत येत नाही, तीन-चार इंचांची पायरी राहते किंवा सीटची पाठ तिरकी राहते. तिरक्या पाठीवर ठेवलेला भोपळा प्रत्येक वळणाला थोडा थोडा सरकत राहतो. ती पायरी घड्या घातलेल्या वाकळांनी भरून, वर प्लायचा तुकडा टाकून आधी सपाट करून घ्यावी.

तानपुरे नवे असतील तर कारागिराला पॉलिशचा शेवटचा हात कधी मारला ते विचारावं. लाखेचं पॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आतून कडक व्हायला काही आठवडे घेतं. दोन-तीन आठवडे झालेले नसतील तर उन्हाळी प्रवास पुढे ढकललेला बरा.

आता गुंडाळणं. तानपुऱ्याला बबल रॅप थेट लावू नये. गरम हवेत त्याचे गोल फुगे पॉलिशवर उमटतात, आणि ते ठसे नुसत्या पुसण्याने जात नाहीत. आधी धुतलेलं मऊ सुती कापड, एकच थर, सुरकुत्या न पाडता. त्यावर जाड अस्तराची गवसणी, म्हणजे वाद्याची खोळ. चिकटपट्टी वाद्याच्या अंगाला कुठेही लावायची नाही, निघताना ती पॉलिशचा पापुद्रा घेऊन येते. घोडीची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या आधाराची, जागा लक्षात ठेवण्यासाठी पेन्सिलची खूण किंवा टेप न वापरता शेजारी पट्टी धरून वरून फोटो काढून ठेवावा. तसाच एक फोटो जवारीच्या (तारांना झणझणता नाद देणाऱ्या घोडीच्या पाठीच्या) सुतांचा, म्हणजे तिथे तारेखाली घातलेल्या बारीक दोऱ्यांचा, अगदी जवळून. मुक्कामी पोचल्यावर सूत कुठे होतं याचा वाद त्या फोटोने मिटतो.

तारांबद्दल दोन टोकाचे सल्ले ऐकू येतात: सगळ्या सोडा, किंवा हात लावू नका. दोन्ही चुकीचे आहेत. चार तारा सुरात असताना तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी पातळ फळी) आणि दांडीवर मिळून साधारण दहा-पंधरा किलोंचा ताण असतो. तो तसाच ठेवला तर गुलूवर, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या सांध्यावर, प्रत्येक धक्क्याची भर पडते. उलट तारा साफ सोडल्या तर घोडीवरचा दाब जातो आणि ती सरकू शकते, सूर बारीक जुळवण्याचे मणी घसरतात, सूत पडतं, खुंट्यांवरचे वेढे सुटतात. म्हणून तारा दोन-तीन सुरांनीच, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन-तीन पट्ट्यांनीच, उतरवायच्या. काळी एकला लावलेला तानपुरा पांढरी सात किंवा काळी पाचपर्यंत आणला की पुरे. हे कानाने करावं, खुंटीच्या फेऱ्या मोजून करू नये. पोलादी तारेला खुंटी किंचित फिरली तरी सूर खाली येतो; पाव फेरीच्या आतच ती लोंबायला लागते. उतरवून झाल्यावर प्रत्येक खुंटी आत दाबून घट्ट बसली ना ते पाहावं. घोडीच्या पुढे, तारांच्या खालून, मऊ कापडाची दोन बोटं रुंद पट्टी सरकवावी म्हणजे तारा जवारीवर आपटत नाहीत. घोडीच्या दोन्ही बाजूंना तिच्यापेक्षा इंचभर उंच असे फोमचे दोन ठोकळे कापडावर ठेवून मगच गवसणी ओढावी, म्हणजे तिचा दाब घोडीवर येत नाही.

एका जोडीला लागणारं सामान असं: गवसण्या दोन, जुन्या नऊवारी लुगड्यांच्या चुंबळी दोन, चार इंच जाडीच्या कडक फोमचे तुकडे सहा-आठ, इंचभर रुंदीचे साध्या बकलचे नायलॉन पट्टे चार, वाकळा तीन, पांढऱ्या चादरी दोन, आर्द्रतामापक एक, तारांचा जादा संच, सूत आणि पांढरा खडू. ट्रकवाले वापरतात ते रॅचेटचे पट्टे नकोत. त्यांची पकड इतकी असते की एका खटक्यात दांडीवर नको तेवढा दाब येतो.

पहिला दिवस: मिरज ते सोलापूर, सुमारे १९० किमी

गाडी भरायला पाऊण तास धरून पहाटे पाचला सुरुवात करावी. तानपुरा उचलताना एक हात भोपळ्याखाली, दुसरा गुलूच्या जरा वर दांडीला. नुसत्या दांडीला धरून उचलला की भोपळ्याचं सगळं वजन त्या एका सांध्यावर लोंबतं. एका माणसाने एका वेळी एकच तानपुरा न्यावा.

भोपळे पुढे, म्हणजे पुढच्या सीटच्या पाठीकडे, आणि खुंट्यांची बाजू मागच्या दाराकडे. याला दोन कारणं आहेत. जोरात ब्रेक लागला की सामान पुढे रेटलं जातं. तेव्हा समोर भोपळ्याची गोलाई असावी, खुंट्या असू नयेत. दुसरं, गाडी सर्वात जास्त उसळते ती मागच्या चाकांच्याही मागे, आणि जड बाजू दोन्ही चाकांच्या मधे आली की तिला कमी झटके बसतात. तबली वर, भोपळा चुंबळीत. चुंबळ एवढी जाड हवी की भोपळ्याचा तळ खालच्या प्लायला टेकू नये. तळाखाली हात सरकवून बघावं. असा बसवला की दांडी जमिनीपासून आठ-दहा इंच उंच राहते आणि नेमकी इथेच गफलत होते. बरेच जण खुंट्यांखाली एक उशी देऊन मोकळे होतात. मग तानपुरा दोनच टोकांवर टेकतो, मधला भाग कावडीसारखा वरखाली होतो, आणि ती हालचाल गुलूवर येऊन संपते. आधार द्यायचा तो गुलूच्या पुढे वीतभर अंतरावर एक आणि दांडीच्या मध्यावर दुसरा. फोम एकावर एक रचून उंची अशी जमवायची की दांडी नुसती टेकेल, उचलली जाणार नाही. खुंट्यांकडचं टोक अधांतरी राहिलं तरी चालतं.

दोन्ही भोपळ्यांच्या मधे घडी केलेली वाकळ घट्ट बसवावी. पट्टे दांडीवरून, त्या दोन आधारांच्या बरोबर वर घ्यायचे आणि डिकीतल्या हुकांना बांधायचे. तबलीवरून पट्टा कधीही नाही. तबली पातळ असते आणि पट्ट्याचा ताण थेट घोडीशेजारी येतो. पट्ट्याखालून दोन बोटं सहज जातील इतकाच आवळावा. मागचं दार लावण्याआधी खुंट्या आणि दार यांत चार बोटं जागा आहे हे पाहून तिथे फोम भरावा, आणि दार आपटून न लावता दाबून लावावं. सगळं झाल्यावर एकाने मागचा बंपर धरून गाडी जोरात हलवावी, दुसऱ्याने आत बघावं. गाडी आणि तानपुरे एकत्र हलले तर बांधणी बरोबर. तानपुरा गाडीच्या नंतर हलला तर पुन्हा बांधायचं.

चाकांतली हवा थंड चाकांवर, कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी. वजन आहे म्हणून जास्त भरली तर टायर कडक होतो आणि रस्त्याची प्रत्येक भेग आत पोचते. दोन तानपुऱ्यांचं वजन मिळून एका माणसाएवढंही नसतं.

कवठेमहांकाळ, नागज, सांगोला, मंगळवेढा असा हा रस्ता. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर एकदा थांबून पट्टे पुन्हा तपासावेत, कारण फोम दबून ते सैल झालेले असतात. गतिरोधकावर गाडी सरळ न्यायची. धक्का कमी लागावा म्हणून तिरकी काढण्याची सवय असते, पण तिरक्या गाडीत चारही चाकं वेगवेगळ्या वेळी चढतात, गाडी डुलते आणि दांड्या आडव्या हलतात. दुसऱ्या गिअरवर, दोन्ही चाकं एकदम, हळू.

मंगळवेढा-पंढरपूरचा हा पट्टा तानपुऱ्याच्या भोपळ्यांचा. भीमाकाठच्या शेतांत पिकणारा कडू भोपळा इथून मिरजेला जातो. तो वेलावर पक्व होऊ देतात, नंतर बराच काळ वाळवतात. कारागीर तो कापून पाण्यात भिजवतात, आतला गर खरवडून काढतात आणि मऊ झालेल्या कवचाला काठ्यांचे ताण देऊन तोंड हव्या आकाराचं करतात. गाडीत नेणाऱ्याला यातून दोन गोष्टी कळतात. पाण्याने भोपळा मऊ पडतो, म्हणून पाण्याच्या बाटल्या पुढेच, पायाशी. मागे एकही नको. आणि हे कवच चहूबाजूंनी सारखा आलेला दाब उत्तम सोसतं, पण एका बिंदूवर आलेला सोसत नाही. गाडीच्या जॅकचा दांडा, सीटबेल्टचं बकल, बॅगेचं चाक, एवढ्याशा गोष्टी तडा पाडतात. दुमडलेल्या सीटखालून बकल वर आलेली नाहीत हे वाकळ टाकण्याआधीच हाताने चाचपून घ्यायचं असतं.

चहाला थांबायचं तर सावलीत, काचा बोटभर उघड्या ठेवून, आणि एकाने गाडीशी थांबून. पांढऱ्या चादरी मागच्या बाजूच्या काचांवर आतून लावाव्यात. मागची काच मात्र आरशातून दिसण्यापुरती मोकळी हवी. गवसणी काळी असेल तर तिच्यावरही पांढरं कापड टाकावं. साडेदहा-अकरापर्यंत सोलापूर.

मुक्कामी दोन्ही तानपुरे खोलीत न्यायचे. रात्रभर गाडीत ठेवायचे नाहीत, पार्किंग झाकलेलं असलं तरी. खोलीत भिंतीला उभे टेकवू नयेत, गुळगुळीत फरशीवर भोपळा हळूच पुढे सरकतो. कोपऱ्यात, चुंबळीसकट आडवे, एसीच्या झोतापासून लांब. गवसणीची चेन वीतभर उघडून ठेवावी म्हणजे आतली गरम हवा निघते.

दुसरा दिवस: सोलापूर ते नांदेड, सुमारे २५० किमी

सकाळी पट्टे, आधार, बंपरची परीक्षा, सगळं पुन्हा पहिल्यापासून. काल बसवलेलं होतं म्हणून आज घाई करू नये. चुका दुसऱ्या दिवशीच्या भरण्यात जास्त होतात.

तुळजापूरचा घाट चढताना सामान मागे रेटलं जातं. दाराजवळ भरलेल्या फोमचं काम इथे कळतं. वर आल्यावर मिनिटभर थांबून खुंट्यांकडचं टोक पाहावं. पुढे औसा, लातूर, अहमदपूर, लोहा असा मोठा रस्ता आहे. गाडी सत्तर-ऐंशीवर एकसारखी ठेवावी. चांगल्या रस्त्यावरही पुलांच्या जोडांवर ठराविक अंतराने ठक् ठक् येत राहतं, आणि वेग थोडा वाढवला किंवा कमी केला तर दांड्यांची थरथर स्पष्टपणे बदलते. आरशात गवसणीचं टोक सतत कापताना दिसलं तर पाच-दहाने वेग बदलून बघावं. बहुतेक वेळा थांबतं. तरीही थांबलं नाही तर दांडीखालचा मधला आधार दबला आहे असं समजावं.

एसी चालू ठेवावा, चोवीस-पंचवीसवर. गाडीत मागे झोत असतील तर ते बंद करावेत किंवा छताकडे वळवावेत. थेट झोतात भोपळ्याची एक बाजू गार आणि कोरडी होते, दुसरी तशीच राहते, आणि असमान आकसण्यातून तडे जातात. नांदेड दुपारी बाराच्या आत.

तिसरा दिवस: नांदेड ते नागपूर, सुमारे ३३० किमी

हा सर्वात लांब आणि सर्वात तापट टप्पा. पहाटे साडेचारला गाडी हलली पाहिजे. पैनगंगा ओलांडून उमरखेडला पोचेपर्यंत उजाडतं. मग आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी. उष्णता इथे आहेच, पण तिच्याहून जास्त काम कोरडी हवा करते. मार्चअखेरच्या दुपारी विदर्भात हवेतली आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरते. लाकडी वाद्याला पंचेचाळीस ते साठ मानवते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं: खुंट्या त्यांच्या भोकांत सैल होऊन सटकतात, तबली किंचित खाली बसते, तिच्याबरोबर घोडी उतरते आणि जवारी बदलते.

यासाठी आर्द्रतामापक गवसणीच्या आत, दांडीशेजारी ठेवावा आणि थांब्यावर वाचावा. आकडा पस्तिसाच्या खाली गेला तर छिद्रांच्या साबणदानीत पिळलेला स्पंज ठेवून ती गवसणीच्या खुंट्यांकडच्या मोकळ्या जागेत ठेवायची, भोपळ्याकडे नाही. स्पंज मुठीत दाबल्यावर थेंबही पडू नये इतका पिळलेला हवा. गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या आलेल्या असतील तर त्या मिरजेतच काढून टाकाव्यात; पावसाळ्यात त्या उपयोगी, इथे उलटं काम करतात.

वाटेत तार तुटल्याचा टण् असा आवाज आला तर घाबरून गवसणी रस्त्यावर उघडू नये. एक तार गेल्याने वाद्याला धोका नसतो. लाकडाचा कट् असा आवाज मात्र वेगळा. तो आला तर पहिल्या सावलीत थांबावं, चारही तारा आणखी दोन-तीन सुरांनी उतरवाव्यात आणि गुलूभोवती अंगठा फिरवावा. फट नखाला लागली तर तारांचा ताण जवळजवळ काढून, घोडी हलणार नाही एवढाच ठेवून, तसंच पुढे न्यावं. फटीत फेव्हिक्विक सोडायचा मोह टाळावाच. ते लाकडात शोषलं जाऊन कडक होतं, आणि नंतर कारागिराला सरसाचा सांधा धरत नाही. सरळ होणारी दुरुस्ती अवघड होऊन बसते.

निघणं वेळेवर झालं तर साडेअकरा-बारापर्यंत नागपूर. शहरातल्या सिग्नलवर उन्हात उभं राहावं लागतं तेवढा वेळ एसी बंद करू नये.

चौथा दिवस: नागपूर

पोचल्यावर लगेच सूर लावायला बसू नये. गवसणीची चेन उघडून तानपुरे तसेच आडवे, पुढचा दिवस उजाडेपर्यंत. खोलीत कूलर असेल तर त्याच्या वाऱ्यात नकोत. कूलरची हवा एका बाजूने ओली येते आणि भोपळा ती चटकन पितो. कूलर खोलीच्या एका टोकाला, तानपुरे दुसऱ्या, आणि आर्द्रतामापक पन्नाशीच्या आसपास असला की उत्तम.

चौथ्या दिवशी सकाळी तपासणी, ठरलेल्या क्रमाने. भोपळ्यावर बोटाच्या पेराने सगळीकडून हलकं ठोकायचं. धड कवच सगळीकडे गोल, भरीव वाजतं. तडा असेल तिथे आवाज बसका किंवा फाटका येतो. मग गुलूचा सांधा उजेडात. मग दांडीच्या टोकाला डोळा लावून ती सरळ आहे का, पिळली आहे का. घोडीची जागा फोटोशी ताडून. शेवटी खुंट्या एकेक फिरवून. सटकणाऱ्या खुंटीला तिच्या टेकणाऱ्या दोन्ही जागी खडू घासून ती दाबत फिरवायची. हातोडीने ठोकायची नाही. सुकलेल्या भोकाची कड त्याने फुटते.

सूर चढवताना एका तारेला एकदम पोचवायचं नाही. चारही तारा अर्ध्या सुराने वर, मग थोडा वेळ तसंच, मग पुन्हा अर्धा. तबलीला सगळीकडून सारखा ताण मिळत गेला तर ती मूळ जागी नीट बसते. काळी एकला पोचायला संध्याकाळ झाली तरी चालेल. सूर पहिले काही दिवस उतरत राहतील, ते साहजिक आहे.

जवारी बंद वाटेल, म्हणजे नाद दबलेला, किंवा उगीच झणझणेल. आधी सूत फोटोप्रमाणे बसवून मग केसभर पुढेमागे सरकवून बघावं. बरंचसं काम त्यातच होतं. घोडीला कानस लावायची घाई करू नये. तबली नव्या हवेत स्थिरावेपर्यंत घोडीची उंची बदलत राहते, आणि आज घासलेली जवारी पावसाळ्यात, तबली पुन्हा फुगून वर आल्यावर, चुकीची ठरते. पंधरा-वीस दिवस रोज वाजवून पाहावं. तोपर्यंत जवारी उघडली नाही तरच कारागिराला दाखवावी, आणि तेव्हा मिरजेत काढलेला फोटो सोबत न्यावा.